मायसाठी पाहिलेला समुद्र

इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावात नोव्हेंबर महिन्यात पाहण्यासारखं काही नसतं. जे असतं ते बंद असतं. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या गावातलं पाहण्यासारखं सगळं मी पाहून घेतलं आहे, काही काही तर दोनदा. हौसेने सहलीला गेलेल्या कुणी एवढं पाहिलं नसेल.

माझा धाकटा भाऊ तिथे राहायचा. म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात नर्स होता. आमचं मूळ घर मोहाडी तालुक्यात, करडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. घरी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग होते. बाबा गेले, शेवटचा माग थांबला आणि हा नागपूरला नर्सिंग शिकायला गेला. पुरुषासारखा पुरुष आणि नर्स होतो म्हणून गाव हसलं. पुढे तो विलायतेला गेल्यावर त्याच गावाने आपापली पोरं नर्सिंगला घातली. आमचं गाव असं आहे, त्याला काय बोलणार!

मी भंडाऱ्याला शाळेत शिकवते. कित्येक वर्षं भावाला ओवाळलं नव्हतं, म्हणून त्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागताच मीच त्याच्याकडे गेले. मायला त्याचा मोठा आनंद झाला. तिला दुसरंही काम साधायचं होतं. पोरगा पस्तिशी ओलांडून गेला होता आणि लग्नाचं विचारलं की पुढच्या वर्षी पाहू म्हणायचा. "त्याच्या तोंडून हो म्हणवून घे," मायने निघताना मला बजावलं, "बाकीचं मी मंडईत पायतो."

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाची वेगळी. दिवसा बाजार नि आकाशपाळणा, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. लेकीबाळी माहेरी येतात, मटण शिजतं, आणि त्या गर्दीत कुणाची पोरगी कुणाच्या पोराला शोभेल हेही उरकून घेतात. निम्म्या गावाची लग्नं मंडईत जमलेली असतात.

भावाने हो म्हटलं. भाऊबीजेच्या दिवशी, त्याच्या एका खोलीच्या घरात. मी निरांजन लावलं तशी छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली आणि हा पाटावरून उठून टॉवेलने तिला वारा घालत सुटला. कुंकू कपाळावरून नाकावर ओघळलं होतं. त्याच गडबडीत मी विचारलं, तर म्हणाला, "पाहा म्हणावं मायले. इथं एकट्यानं कटाळा येऊन राहिला, ताई."

दुसऱ्या दिवशी त्याने मला गाव दाखवलं. समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का आहे, त्याला ते पिअर म्हणतात. मला तो पूल वाटला. पण पुलाच्या पलीकडे काहीतरी असतं, हा आपला पाण्यात जाऊन थांबतो. लोक तिथे जाऊन काय करतात, असं मी विचारलं. "जातात अन् वापस येतात," तो म्हणाला. आम्ही गेलो आणि वापस आलो. कागदात बांधलेले जाड बटाट्याचे काप खाल्ले, त्यावर सिरका ओततात. एका पांढऱ्या पक्ष्याने त्याच्या हातातला काप झडप घालून नेला आणि नेमका तेव्हाच मी फोटो काढला. वाऱ्याने डोळे मिटलेले, तोंड उघडं, हसतो आहे. तो त्याचा शेवटचा फोटो आहे.

त्याच आठवड्यात तो सकाळी ड्यूटीला निघाला आणि समुद्राच्या कडेच्या रस्त्यावर एका बाकावर बसला. कुत्रं फिरवणाऱ्या बाईला वाटलं, झोपला असेल. परत येताना तिने पाहिलं, तर तसाच. हृदय वाढलं होतं म्हणे. हे नंतर कळलं. त्या सकाळी फक्त दोन पोलीस दारात आले आणि आत येताना त्यांनी टोप्या काढल्या. त्यातली एक पोरगी होती, तिने माझ्यासाठी चहा ठेवला. तिला साखर सापडेना आणि ती कुठे आहे हे मलाही सांगता येईना.

मी फोन केला तो मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला. घराला घर लागून आहे. बाबांच्या मागे आमचं बरंवाईट त्यांनीच पाहिलं. फोनवर ते आधी रडले, लहान पोरासारखे रडले. मग नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको. बॉडी दारात आल्याबिगर नाई."

ही आमच्याकडची रीत आहे. बाहेर कुणाचं काही झालं तर घरातल्या बाईला, आईला नाहीतर बायकोला, आधी सांगत नाहीत. तब्येत जरा बरी नाही म्हणतात. फारच झालं तर सिरियस आहे म्हणतात. गावाला सगळं ठाऊक असतं. शेजारणी तिच्या अंगणात उगाच येऊन बसतात, कुणी तिची गाय बांधतं, कुणी चूल पाहतं. गाडी वळणावर दिसली की मग सांगतात. नागपूरच्या दवाखान्यातून गाडी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यापुरती ही रीत आहे. तेवढा वेळ तिला सुखाचा जाऊ द्यायचा, एवढाच तिचा अर्थ.

पण इंग्लंडात माणूस असा अचानक गेला, की तो का गेला हे ठरवणारा वेगळा अधिकारी असतो. तो सांगेल तेव्हा शवविच्छेदन, त्यानंतर दाखले, देशाबाहेर न्यायची परवानगी, आपल्या वकिलातीचा कागद, पेटी, विमानात जागा. सगळे माझ्याशी फार सभ्यपणे बोलायचे, आणि सगळे म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. मी मोठेबाबांना सांगितलं की इतके दिवस हे लपवता यायचं नाही, मायला सांगून टाका. ते म्हणाले, "तू तिकडं हायस. इकडं तिले काई झालं तं कोन पायन? तिले शुगर हाय, बीपी हाय." मी ओरडले. तेही ओरडले. शेवटी मी फोन आपटला आणि त्यांचंच ऐकलं. मायला ते फोनवर सांगायची छाती माझीही नव्हती.

माय रोज व्हिडीओ कॉल करायची. तिची संध्याकाळ, माझी दुपार. तो कुठे आहे, तर ड्यूटीवर. कालही ड्यूटीवर होता ना, तर डबल ड्यूटी. आज झोपला आहे, रात्रपाळी झाली. तिला यात काही वावगं वाटलं नाही, कारण जिवंत होता तेव्हाही तो असाच सापडत नसे. तिने फक्त एकदा म्हटलं, "बहीण आली अन् यानं सुट्टी काहून नाई घेतली?" आणि मग स्वतःच म्हणाली, "लग्नासाठी जमा करून राहिला असन." ती खूश झाली. मग म्हणाली, "तो नाई तं नाई, त्याचा समुद्र दाखव."

अशी माझी सहल सुरू झाली. सकाळी मी कुठल्या तरी कचेरीत बसायची, सही करायची, आणि दुपारी मायला दाखवायला नवीन काहीतरी शोधायची. गाढवं होती म्हणे, वाळूत लेकरांना फिरवणारी, पण ती उन्हाळ्यात. टेकडीवर चढणारी दोन डब्यांची छोटी रेल्वे होती, तिला साखळी घातलेली. अख्खं एक गाव गुडघ्याएवढं करून मांडलेलं, चर्च, आगगाडी, इवली इवली माणसं. त्याच्या फाटकाला कुलूप. मी फोन कुंपणावरून उंच धरला. "बापा! एवढुसाक घर!" माय म्हणाली आणि शेजारणीला हाक मारली. शेजारणीचा चेहरा फोनमध्ये आला. तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई, लय सुंदर हाय." बोलता बोलता तिने पदर तोंडात कोंबला. मायला वाटलं ती हसते आहे.

एक दिवस नाण्यांची मशिनं दाखवली. पिअरच्या तोंडाशी मोठा हॉल आहे, आत दिवे लखलखतात, माणूस एक नाही. काचेमागे नाण्यांची चळत पडू पडू करत असते आणि पडत नाही. मायने आग्रह केला म्हणून मी नाणी टाकली. "अजून एक टाक, आता पडन," ती तिकडून सांगायची. मी टाकत राहिले. त्या सकाळी मी भावाला पाहून आले होते. त्याचे केस कुणीतरी भलत्याच बाजूला भांग पाडून विंचरले होते.

एक दिवस तिने विचारलं, लोक एवढ्या बाकांवर बसून काय पाहतात. त्या रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून बाकच बाक आहेत आणि प्रत्येकावर पितळेची पट्टी, मेलेल्या माणसाच्या नावाची. त्याला ही जागा आवडायची, तिला इथला सूर्य आवडायचा, असं काहीबाही लिहिलेलं. मी मायला सांगितलं की बाक देणाऱ्या दानशूर लोकांची नावं आहेत, आपल्या देवळातल्या पंख्यांवर असतात तशी. तिला ते पटलं. भाऊ नेमका कुठल्या बाकावर बसला होता ते मी पोलिसांना विचारलं नाही. त्यामुळे मी सगळ्याच बाकांना घाबरायची आणि उभीच राहायची.

मंडई येऊन ठेपली तेव्हा मी मोठेबाबांना पुन्हा फोन केला. म्हटलं, यंदा घरात पाहुणे बोलावू नका, तुम्हाला सुतक आहे. त्यांनी महाराजांना विचारून ठेवलं होतं. अग्नी दिल्यापासून दिवस धरायचे, असं महाराज म्हणाले. आणि पाहुण्यांना नको म्हटलं तर मायला संशय येईल. "मंडई होऊ दे," ते म्हणाले, "मंग सांगू." माणूस किती बाजूंनी विचार करून चूक करतो, हे मला तेव्हा कळलं.

मंडईच्या दिवशी मी पेटीवाल्यांच्या दुकानात होते. त्याला काय घालायचं ते कपडे त्यांनी आणायला सांगितले होते. भाऊबीजेचा कुर्ता मी इस्त्री करून दिला आणि बाहेर आले. समोर वाळूच्या काठाला रंगीत लाकडी खोल्यांची रांग आहे, पिवळी, निळी, गुलाबी, सगळ्यांना कुलपं. तिथे वाऱ्याला पाठ देऊन उभी होते तोच मायचा फोन आला. नवीन लुगडं, पावडर लावलेली. मागे भांड्यांचा, माणसांचा कल्ला. बाहेरून आकाशपाळण्याचं गाणं येत होतं.

"ताई, हे पाय," म्हणून तिने फोन फिरवला. सतरंजीवर एक पोरगी बसली होती. निमगोरी, अंगात मोरपंखी ड्रेस, हातात रुमाल. सिहोरा गावची. नर्सिंग झालेली. तिचा बाप बाजूला पान लावत होता. मायने त्यांना भावाचा तो फोटो दाखवला होता, मीच पाठवलेला, मोठेबाबांनी पाठव म्हटलं म्हणून. "आमाले पसंद हाय, अन् तेयले बी पसंद हाय," माय म्हणाली. एवढा मोठा आवाज तिचा मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

पोरीच्या हातात फोन दिला. ती खाली पाहत म्हणाली, "ताई, समुद्राचा आवाज घरात येते काय?"

"येते," मी म्हटलं. "रातभर येते."

"मंग झोप कशी लागते?"

तिच्या मागे मोठीमाय येऊन उभी राहिली होती, मोठेबाबांची बायको. माझी माय विधवा, तिच्या हाताने ओटी भरता येत नाही, म्हणून जाऊबाईला बोलावलं होतं. मोठीमायच्या हातात ताट होतं, नारळ, तांदूळ, खण, आणि आमच्याच मागावरचं जपून ठेवलेलं कोशाचं लुगडं. तिने फोनकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिने पाहिलं, मला खात्री आहे. मग ती खाली वाकली आणि तिने त्या पोरीची ओटी भरली.

पेटीला पुढच्या आठवड्यात जागा मिळाली. नागपूरला विमानतळावर मोठेबाबा आले होते. गाडी भंडारा ओलांडून निघाली तेव्हा त्यांनी घरी फोन केला, की आता सांगा. आम्ही पोचलो तोवर अंगण बायकांनी भरलं होतं. बायका रडत होत्या आणि माय मध्ये ओट्यावर बसली होती, न रडता. पेटी उतरवली तरी ती उठली नाही. मला जवळ बोलावलं.

"कधी?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"मंग तू थे पैसे टाकत होती, तवा?"

"हो माय."

"मंडईच्या दिवशी?"

"हो."

ती आजूबाजूला पाहू लागली. एकेका बाईकडे. शेजारणीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मोठीमायकडे पाहिलं. "अन् तू ओटी भरली," माय म्हणाली. "मायासंग बसून तू मटण खाल्लं अन् त्या पोरीची ओटी भरली." मोठीमाय मोठमोठ्याने रडायला लागली. माय म्हणाली, "तू काहून रडतं? तुहं तं रडून झालं असन." मग ती उठून पेटीपाशी गेली, आणि तिथे मात्र पेटीला धरून खाली बसली.

तेरावं झाल्यावर तिने चप्पल घातली आणि सिहोऱ्याला निघाली. मोठेबाबा म्हणाले, मी फोन करून सांगतो, तुम्ही कशाला. तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मी सोबत गेले. पोरीचा बाप बाहेर आला, खुर्ची दिली. माय बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भाऊ, माहा पोरगा मंडईच्या आधीच मेला होता. मले मालूम नोतं. तुमच्या पोरीच्या नावाले याचा डाग नोको."

त्याने खुर्ची परत भिंतीशी सरकवली. मग म्हणाला, "आमाले त्याच दिवशी समजलं होतं, बाई. नाटकाले बसलो होतो, तं मागच्या लोकायनं सांगितलं. पण तुमालेच मालूम नाई, तं आमी कसं बोलाव?"

पोरगी पाणी घेऊन दारात उभी होती. मायने तिला विचारलं, "अन् तुले कोनं सांगितलं?"

"कोणीच नाई," ती म्हणाली. "तुमच्या गावच्या पोरीच्या स्टेटसवर पायलं."

स्टेटसवर तोच फोटो होता. हातातला बटाट्याचा कागद कापून टाकलेला, वरून हार घातलेला. मायने पाणी घेतलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आम्ही बस पकडून परत आलो.

याला आता बराच काळ झाला. मोठेबाबांना मी दोष देते आणि देत नाही. ते वाईट माणूस नाहीत. मायला दुखू नये म्हणून त्यांनी केलं, गावानेही म्हणूनच केलं. एवढ्या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून माझ्या मायला एकटं पाडलं, याचा राग कुणावर काढायचा हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी होते. दुपारी चौकात माणसं जमून कुजबुजत होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईचा पोरगा हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. जागच्या जागी. गाडी नागपूरहून निघायची होती. बाईला काय सांगायचं ते सांगून झालं होतं, मार लागला आहे, दवाखान्यात आहे. तिच्या ओट्यावर शेजारणी येऊन बसायला लागल्या होत्या.

मायने हे पाहिलं, पदर खोचला आणि निघाली. मोठेबाबा चौकातून ओरडले, "कुठं जाऊन राहिली? थांबवा तिले!" कुणी थांबवायला पुढे झालं नाही. मीही झाले नाही, मागोमाग गेले. ती बायकांमधून वाट काढत सरळ स्वयंपाकघरात शिरली. ती बाई घाईघाईने दवाखान्यात पोराला न्यायचा डबा भरत होती. मायने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, तुहा पोरगा गेला. दवाखान्यात नाई. गेला."

त्या बाईने मायच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. मायने तिचे हात पुन्हा धरले आणि तिथेच खाली बसली. गाडी येईपर्यंत ती तिच्याजवळून हलली नाही.

संध्याकाळी मोठेबाबा आमच्या अंगणात आले. आत न येता त्यांनी विचारलं, "काय गरज होती तुमाले? दोन घंट्यांत गाडी येनारच होती. काहून सांगितलं?"

इतक्या दिवसांत माय त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. तिचा गाल सुजला होता.

"थे डबा भरून राहिली होती," ती म्हणाली.